‘ताब्यात घेतले’ की ‘सुटका केली’?

प्रश्न (इंदूर) : आमच्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिते आहे. अमेरिकेत अनेक राज्यांत लैंगिक शोषण झालेल्या अल्पवयीनांवर खटला भरण्याऐवजी त्यांना निवारा, समुपदेशन, शिक्षण मिळवून देतात. त्या कायद्यांना तिथे ‘सेफ हार्बर’ म्हणतात. ‘अभय कायदा’ म्हणू का? शिवाय रोज हिंदी पेपर वाचून लेखणीतून ‘नाबालिग बरामद’ (अल्पवयीन हस्तगत), ‘दस्तयाब’ (हाती लागली) असंच उतरतं.

उत्तर : ताई, ‘अभय’ नको. घरपट्टी थकवणाऱ्याला ‘अभय योजना’ मिळते. चूक त्याचीच, फक्त दंड सोडला. इथे मुलीची चूकच नाही. ‘माफी’ तर त्याहून वाईट. सरळ ‘शोषित बालक संरक्षण कायदा’ लिहा आणि कंसात ‘सेफ हार्बर’ द्या.

दुसरं उत्तर : थोडी भर. हे सगळे कायदे एका मापाचे नाहीत. न्यूयॉर्कचा 2008 चा कायदा बहुतेक पहिला. त्यात प्रकरण गुन्ह्याच्या रस्त्यावरून देखरेखीच्या रस्त्यावर वळवण्याची सोय होती. कॅलिफोर्नियाने 2017 पासून अल्पवयीनांना वेश्याव्यवसायाचा गुन्हाच लागू ठेवला नाही. म्हणून पहिल्यासाठी ‘प्रकरण वळवणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘गुन्हाच न मानणे’ असं वेगवेगळं लिहा, नाहीतर वाचकाला दोन्ही एकच वाटतील.

उत्तर (ग्वाल्हेर) : मला क्रियापदांची जास्त चिंता आहे. आपल्याकडे पोलिसांच्या हिंदीत चोरीची मोटारसायकल ‘बरामद’ होते आणि मुलगीही. मराठी बातम्या तरी काय वेगळ्या? ‘छापा टाकून दोन दलाल व तीन मुलींना ताब्यात घेतले.’ एकाच क्रियापदाने दलाल आणि मुलगी एका बाकावर बसले! ‘दोन दलालांना अटक केली, तीन मुलींची सुटका केली’ असं लिहायला एखादाच शब्द जास्त लागतो. ‘देहविक्रय करणारी अल्पवयीन’ हेही खोडा. विकणारा दुसराच असतो, तो वाक्यात येऊ द्या : ‘जिला दलालाने या धंद्यात ढकलले’.

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशी मुलगी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत तिला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते मूल, हा निराळा वर्ग, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. आपण मात्र दोघांनाही सरसकट ‘रिमांड होममध्ये ठेवलं’ म्हणतो. पहिलीसाठी बालगृह, दुसऱ्यासाठी निरीक्षणगृह. ‘सुधारगृह’ तर मुळीच नको, तिच्यात सुधारायचं काय आहे?

प्रश्न (इंदूर) : काका, पटलं. सगळा मजकूर पुन्हा तपासते. ‘पीडिता’ ठेवू का?

उत्तर (ग्वाल्हेर) : न्यायालयीन संदर्भात ठेवा. पण 2012 चा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 18 वर्षांखालच्या मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, आणि ‘पीडिता’ म्हटलं की ते गळतात. तिथे ‘पीडित बालक’ करा. आणि लेखात कुणाची गोष्ट सांगणार असाल तर नाव, शाळा, मोहल्ला काहीच नको. ओळख उघड करणं हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.