पेपर कागदावर वाचता की मोबाईलवर? अनुभव लिहा

मांडवीकाठ: चवथीची साफसफाई चाललीय. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो त्या चौकटीचं, सामान ठेवतो त्या फळीवरचा जुना पेपर काढला आणि झाडू बाजूला ठेवून तोच वाचत बसले. निविदा सूचनासुद्धा! मोबाईलवर रोज ढीगभर मथळे सरकवते, रात्री एक आठवत नाही. कागदावर बातमी केवढी ते बघूनच कळायचं. आठ कॉलमी मथळा म्हणजे काहीतरी घडलंय. इथे मंत्र्याचा राजीनामा आणि 'या राशींचं नशीब उजळणार' एकाच मापात. लिहा तुमचंही.

डिचोलीची सून: सासूबाई पेपर मागून उघडतात. आधी निधन वार्ता, मग राजकारण. मोबाईलवर लावून दिला तर दोन दिवसांनी विचारतात, "हल्ली कोण मरत नाही काय गो?"

शेणलो: 😂😂 आमची आय पण तीच

दर्यावर: जहाजावर कागद कुठला? ई-पेपरच. अख्खं पान तळहाताएवढ्या पडद्यावर. मोठं करा, ओळ संपली की परत डावीकडे ओढा, कॉलम संपला की वर जा. तोवर नेट गेलं.

जुना फोंडेकार: मी शाळेत होतो तेव्हाचा जनमत कौल, 16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचा. वडील 'गोमन्तक' पण घेत, 'राष्ट्रमत' पण. एक विलीनीकरणवाला, दुसरा विरोधातला. सोप्यावर दोन्ही शेजारी पसरायचे आणि दोघांनाही शिव्या घालायचे. आता मला काय आवडतं ते मोबाईलला पाठ झालंय, तेवढंच पुढ्यात येतं. शिव्या कुणाला घालू?

कीबोर्डकार: युनिकोडच्या आधीचं आठवतं का? पेपरागणिक वेगळा फॉन्ट. तो उतरवून घेतला नाही तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. सायबर कॅफेवाला काही टाकू द्यायचा नाही. शोधायला जावं तर बातमी सापडायची नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच.

चष्मा: माझं उलट. मोतीबिंदू पिकला तेव्हा छापील पेपर सुटलाच होता, मोबाईलवर अक्षर मोठं करून वाचायचो. कागदाचं कौतुक डोळे चांगले असलेल्यांनी करावं. फक्त जाहिरातीची ती फुली! बोट लावलं की नेमकी जाहिरातच उघडते. आणि वाचता वाचता मध्येच जाहिरात येऊन ओळ खाली पळते, ती वेगळीच.

कीबोर्डकार: काका, काही ब्राउझरमध्ये वाचन मोड असतो. जाहिराती जातात, नुसता मजकूर राहतो. बघा सेटिंगमध्ये.

चष्मा: नातू आला की सांगतो त्याला.

शेणलो: मांडवीकाठ, फळीवर आता काय घातलंत? आमच्याकडे पेपर बंद केल्यापासून रद्दीच नाही. शेजाऱ्यांकडे मागावी लागते.

मांडवीकाठ: तोच परत घातला, उलटा करून. मागचं पान वाचायचं राहिलंय 😄

डिचोलीची सून: माटोळीला कांगलां कुठे मिळतील? म्हापशाला शुक्रवारी बघू काय?

जुना फोंडेकार: फोंड्यात या. पण सकाळी लवकर, मागाहून भाव ऐकवत नाही.