अनुभव: वारशाने आलेला देव आणि आपला

वेणीफणी
सासूबाई गेल्या आणि देवघर माझ्याकडे आलं. आलं म्हणजे काय, तेराव्याला नणंद म्हणाली, "आता वहिनी बघेल," झालं. बावीस वर्षं मी त्या देवांसाठी फुलं तोडली, पण पूजा त्यांची. खंडोबाचा टाक कुठला नि जोतिबाचा कुठला, हेही मला सांगता येत नव्हतं. दोघेही घोड्यावर, दोघेही घासून घासून गुळगुळीत.

पहिलं वर्ष नुसत्या धाकात गेलं. काही चुकलं तर? मग एकदा रांगोळीने देव घासताना अन्नपूर्णा हातात आली. ती माझी! गौरीहरापाशी बसून जिच्यावर तांदूळ वाहत होते तीच, आईने दिलेली. इतकी वर्षं तिलाही मी सासूबाईंचीच समजत होते. त्या दिवशी पाटावर तशीच बसून राहिले. स्तोत्र नाही, काही नाही. दूध उतू गेलं.

चंपाषष्ठीला तळी उचलते, भरीत-रोडगा करते. सोमवार मात्र सोडला. तो का धरलाय हे मला कधी कळलंच नव्हतं.

तुमचं काय? देव, उपास, धर्म, किंवा काहीच न मानणं, हे कुणाकडून आलं आणि तुमचं कधी झालं? झालं नसेल तरी लिहा. वादावादी दुसरीकडे.

पायवाट
अकराव्या वर्षी आजोबांनी मला महाराजांपुढे बसवून माळ घालायला लावली. पुढे पुण्यात हॉस्टेलला आलो. भुर्जीच्या गाडीवर जाताना माळ खिशात, येताना परत गळ्यात. आजोबांना कळेल ही धास्ती होती. पांडुरंगाला कळेल असं एकदाही मनात आलं नाही, यावरून माळ कुणाची होती ते ओळखा. आजोबा वारले आणि काढली ती काढलीच.

नऊ वर्षांनी वारीला गेलो तो भक्ती दाटून आली म्हणून नाही. घरात बरंच बिनसलं होतं, तिथून बाहेर पडायचं होतं. आळंदीहून निघालो. दिवे घाटापर्यंत मजा होती. जेजुरी सोडली आणि टाचेला लिंबाएवढा फोड. लोणंदच्या मुक्कामी ट्रकच्या सावलीत बूट काढून बसलो होतो आणि येईल त्याला परतीच्या एसटीची वेळ विचारत होतो. परभणीकडची एक माउली आली. काही न विचारता पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. "पानी निथळंल रातभर. सकाळी चालता येतंय."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, माळ कधी घातली? "मालकानं नि म्या संगंच घातली. त्यानं सा म्हैन्यात सोडली." दात दिसतील इतकं हसली. "म्या न्हाई."

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलं. पंढरपुरात रांग इतकी लांब होती की कळसाला हात जोडून परतलो. माळ पुढच्या वर्षी घेतली, नवी. जुनी काढून पाहिली तर गळ्यात जाईना.

निळी शाई
माझी अडचण जरा उलटी आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला आजोबा नागपुरात होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. जुनं टाकायचं त्यांनी पूर्ण विचारानं ठरवलं होतं. मला मात्र धम्म रेशनकार्डावरच्या नावासारखा मिळाला. त्रिशरण, पंचशील झोपेतही म्हणेन, पण त्या पालीचा अर्थ विसाव्या वर्षापर्यंत कुणी विचारला नाही आणि मीही नाही.

कॉलेजात असताना बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना केलेला उपदेश वाचनात आला. परंपरेने आलंय म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून नको, हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही नको. स्वतःला पडताळा येईल तेव्हा धरा. म्हणजे बुद्धाचं म्हणणंसुद्धा बुद्ध म्हणाला म्हणून घ्यायचं नाही! मी तर आजोबा म्हणाले म्हणून घेतलं होतं.

मग इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसून आलो. पहाटे चारची घंटा, बोलणं बंद, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास. तिसऱ्या दिवशी बॅग भरली होती. थांबलो त्यात वैराग्य वगैरे काही नव्हतं. फोन जमा होता आणि बाहेर इगतपुरीचा पाऊस होता.

वडिलांना हे आवडलेलं नाही. डोळे मिटून बसायला बाबासाहेबांनी धम्म दिला नाही, असं ते म्हणतात, आणि मला ते खोडून काढता येत नाही. सध्या सकाळी अर्धा तास बसतो, रविवारी विहारात पोरांना गणित शिकवतो. वंदनेत दारू सोडण्याच्या शीलाला, "सुरामेरय"ला, आवाज अजून जरा खाली जातो. मित्रमंडळी समजून घेतील.

वसईची केळी
आमच्यात तर यासाठी संस्कारच आहे. बाप्तिस्म्याला बाळाच्या वतीने आईबाप आणि धर्मपालक "होय" म्हणतात. मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी तेच प्रश्न तुम्हाला विचारले जातात, "विश्वास ठेवता का?" मी चौदाची होते. खांद्यावर धर्ममातेचा हात, कपाळावर बिशपांनी लावलेलं तेल, आणि माझं लक्ष चावणाऱ्या नव्या सँडलकडे. "होय" म्हटलं. ते तिचंच होतं, आवाज फक्त माझा.

माझं स्वतःचं होय अजून यायचंय. पण रविवारी मिस्साला गायनमंडळात खालच्या पट्टीत गाते. सगळे सूर एकत्र जुळतात त्या मिनिटाला कुणी विचारलं तर म्हणून टाकेन. नेमकं तेव्हा कुणी विचारत नाही.

उंबरठा
केळी, लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. नवरा जाईल तिकडे बायको, असा तो काळ. बाईंनी मात्र पाच वर्षं घेतली. नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळं सांभाळलं आणि स्वतःला पटलं तेव्हाच सोडलं. माझा स्वतःचा अनुभव सांगण्यासारखा नाही, म्हणून त्यांचा.

शून्य एके शून्य
बाबा कट्टर नास्तिक. घरात गणपती नाही, सत्यनारायण नाही, दहावीच्या पेपराला दहीसाखरसुद्धा नाही. शाळेत मी हे ऐटीत सांगायचे. बाबा गेले आणि लक्षात आलं की मी देव नाकारलाच नव्हता, बाबांचं ऐकलं होतं. मग दोन वर्षं प्रामाणिकपणे फिरले. गोंदवलं, औदुंबर, नरसोबाची वाडी. वाडीला पहाटे कृष्णेच्या घाटावर बसून फार बरं वाटलं, बासुंदीने त्याहून. देव काही भेटला नाही. आता नास्तिक आहे, माझी मी. आई म्हणते, मग फरक काय पडला? आईला पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही.

जुनी खोड
सगळ्यांनी शोधायलाच हवं का पण? माझी आई 81 वर्षांची. तिच्या आईने सांगितलं म्हणून तुळशीला पाणी घालते. आयुष्यात एक प्रश्न विचारला नाही. नऊला आडवी होते, पाचला उठते. मी सगळे प्रश्न विचारले. झोपेची गोळी मी घेतो, ती नाही.

वेणीफणी
खोड, आईंना नमस्कार सांगा. मी कुठे म्हटलं शोधायलाच हवं? मला तर देव घासताना सापडलं.
पायवाट, एक राहिलंच. तो दोरा मग काढला कधी?

पायवाट
काढला नाही. वाखरीला पाय धुताना पाहिलं तर नव्हता.