फू हाओची समाधी, थडगं की दफन?

प्रश्न
चीनमधल्या प्राचीन राजघराण्यांवर लेख लिहिते आहे. आनयांगला फू हाओ राणीला जिथे पुरलं होतं, त्या जागेला मराठीत काय म्हणावं? समाधी, थडगं, कबर, मकबरा, सगळं लिहून पाहिलं. एकही बसत नाही.

उत्तर १
मकबरा आधी बाद करा, डोळ्यांपुढे थेट औरंगाबादचे मिनार येतात. समाधीही नको. रायगडावरची असो की आळंदीची, समाधीला आपण दर्शनाला जातो.

फू हाओला इ.स.पू. १२००च्या सुमारास साडेसात मीटर खोल खड्ड्यात पुरलं. सोबत ब्राँझच्या ४६८ आणि जेड या मौल्यवान दगडाच्या ७५५ वस्तू, जवळजवळ सात हजार कवड्या, पिरोजा जडवलेले हस्तिदंती पेले. शिवाय बळी दिलेली सोळा माणसं आणि सहा कुत्री. पलीकडच्या जगात राणीचं काही अडू नये म्हणून मांडलेलं हे बिऱ्हाडच. १९७६ मध्ये झेंग झेनशियांग यांच्या चमूने ते उघडलं. तोवर लुटारूंचा हात तिथे पोचला नव्हता.

विदर्भातल्या शिळावर्तुळांबद्दल, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांबद्दल लिहिताना आपले पुरातत्त्वज्ञ ‘दफन’ नाम म्हणून सर्रास वापरतात: ‘दफनात घोड्याची हाडं मिळाली’. तेच घ्या, ‘राणीचं दफन’. थडगं म्हटलं की जमिनीवरचं बांधकाम आठवतं, म्हणून मी ते टाळीन.

उत्तर २
फू हाओपुरतं मान्य, पण सरसकट नको. शीआन शहराजवळ चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग याचं काय कराल? १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे सैनिक लागले, ते त्याच्यावर रचलेल्या मातीच्या टेकाडापासून सुमारे दीड किलोमीटर पूर्वेला. टेकाडाखालचा मुख्य भाग अजून उघडलेलाच नाही. एवढ्या पसाऱ्याला ‘दफन’ तोकडं पडतं. मी आवाराला ‘समाधिस्थळ’ म्हणेन, आतल्या खोलीला ‘दफनकक्ष’. दर्शनाचा मुद्दा पटतो, तरी ‘स्थळ’ जोडल्यावर तो अर्थ बराच पातळ होतो.

प्रश्नकर्ती
दोन्ही घेते. आणि मानचेंगला पुरलेल्या लिऊ शेंग या हान घराण्यातल्या राजपुत्राचं ‘जेडचं चिलखत’?

उत्तर १
चिलखत लढाईचं. इथे जेडचे २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेने गुंफून प्रेत चेहऱ्यापासून तळपायापर्यंत झाकलंय, देह कुजू नये या समजुतीने. ‘जेडवस्त्र’ लिहा. जेडला पाचू मात्र करू नका, तो वेगळाच खडा. आणि सापडलेल्या सगळ्याच गोष्टींना ‘कलाकृती’ कशाला? कवडी काय कलाकृती? ‘पुरावस्तू’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘वस्तू’.