मदत हवी आहे: बाल्टिक समुद्राची तब्येत एका निकालात कशी मांडायची?

नमस्कार. बाल्टिक समुद्रावर लेख लिहितेय आणि एका ठिकाणी अडलेय. या समुद्राला नऊ देशांचा किनारा आहे. 1974 च्या हेलसिंकी करारातून उभा राहिलेला 'हेलकॉम' हा आयोग त्याची एकत्रित तपासणी करतो. 2016 ते 2021 या काळाचा अहवाल 2023 मध्ये आला.

अडचण निकालाच्या पद्धतीची आहे. नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण, पाण्याची पारदर्शकता, तळाजवळचा ऑक्सिजन असे निकष गटागटाने तपासतात, आणि ज्या गटाची स्थिती सर्वांत वाईट, तोच शेवटचा निकाल. सावधगिरी म्हणून मला हे पटतं. पण 1980 च्या दशकानंतर नद्यांतून येणारी पोषकद्रव्यं (म्हणजे हेच नायट्रोजन-फॉस्फरस, जे जास्त झाले की समुद्राला घातक ठरतात) बरीच कमी झाली आहेत, आणि अहवालातला नकाशा मात्र जवळपास सगळा 'वाईट'च दिसतो. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून पाणी बदलायला काही दशकं लागतात. शिवाय तळाचा ऑक्सिजन संपला की गाळात साठलेला जुना फॉस्फरस पुन्हा वर येतो. म्हणजे आज केलेल्या कामाचं फळ फार उशिरा दिसणार. वाचकाला वाटेल, एवढं करून काहीच झालं नाही! उलट डीडीटी (कीटकनाशक) आणि पीसीबी (कारखान्यांत वापरली जाणारी विषारी रसायनं) यांवर बंदी आल्यावर पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड सावरले, हेही खरंच आहे.

सागरी विज्ञान किंवा संख्याशास्त्रातलं कुणी सांगेल का: सद्यस्थिती आणि सुधारणेची दिशा, दोन्ही एकाच नकाशात प्रामाणिकपणे कशी दाखवावी? सरासरी काढली तर ऑक्सिजन नसलेला तळ आकड्यांत लपून जाईल, ते मला नकोय.