मदत हवी आहे : तारांना हात लावला तरी गिटारची घूं थांबत नाही

माझी स्ट्रॅट पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा कंप टिपणाऱ्या एकेरी गुंडाळ्या). गेल्या आठवड्यात मागचं झाकण उघडून स्प्रिंगा घट्ट केल्या, तेव्हापासून अ‍ॅम्पमधून सतत घूंऽऽ येतंय. गंमत अशी, की जॅकच्या धातूच्या पट्टीला बोट लावलं की आवाज एकदम खाली जातो, पण तारांना किंवा ब्रिजला (तारा टेकतात त्या धातूच्या भागाला) लावलं तर ढिम्म फरक नाही. केबल बदलून पाहिली, तेच. मल्टीमीटर बीपवर (जोड असेल तर वाजतो) ठेवून एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावलं : बीप नाही. स्प्रिंगा ज्या धातूच्या पट्टीला अडकवतात त्या क्लॉवरची काळी वायर ओढली तर सोल्डरच्या डागासकट हातात आली!

२५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तीनदा प्रयत्न केला. क्लॉ सगळी उष्णता खाऊन टाकतो, शिशाचा नुसता गोळा होऊन सुटतो. पॉलिश पेपरने घासून ६० वॅटचं आयर्न वापरू, की रिंगवाली लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी) क्लॉच्या स्क्रूखाली दाबली तरी चालेल? कोणी केलंय का असं?

आणि हो, घर जुनं आहे, सॉकेटला अर्थिंग आहे की नाही तेही आधी वायरमनकडून बघून घेऊ ना? ही वायर जोडली की तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगशी जोडल्या जातात, तेव्हा माइकवर गाताना ओठाला झटका नकोय.