मदत हवी आहे: वर्गातले एक गृहस्थ वाचायला शिकतच नाहीत, परीक्षा तीन आठवड्यांवर

सांजवर्ग:
संध्याकाळच्या साक्षरता वर्गात शिकवते. चौदा जण आहेत, तेरा जणांचं बरं चाललंय. एकाचं मात्र काहीच पुढे सरकत नाही. बाराखडी तीनदा झाली. घरून धडा करून येतात, वर्गात नवीन पान उघडलं की गाडी अडलीच. बोलण्यात, हिशेबात कुठे कमी नाहीत. सहकारी म्हणते अध्ययन अक्षमता असेल. असेल तर मी काय करायचं? सिद्धान्त नकोत, उद्याच्या वर्गात करता येईल असं सांगा.

चौकस:
वय काय? लहानपणी शाळेत गेले होते का? अक्षरच ओळखत नाहीत, की अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही? घरची भाषा मराठीच ना?

मीनल_आई:
माझ्या मुलाचं अगदी असंच होतं, तिसरीत आहे. आम्ही रेतीवर बोटाने अक्षरं गिरवून घेतली, शाळेशी बोलून गृहपाठ कमी करून घेतला. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या आणि रात्री झोपताना गोष्ट वाचून दाखवा, खूप फरक पडतो.

सांजवर्ग:
मीनलताई, ते 46 वर्षांचे गृहस्थ आहेत. चौथीत शाळा सुटली. घरी मराठीच. बाकीचं आधी सांगितलंच की, वाचता येत नाही.

शब्दवेडा:
रंगीत पारदर्शक कागद पानावर ठेवून बघा. माझ्या मावसभावाला पिवळ्या कागदाने फार फायदा झाला. अक्षरं हलायची थांबली म्हणाला.

रानवाटा:
कृपया नको. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये संयुक्त निवेदन काढून रंगीत भिंगं आणि डोळ्यांचे व्यायाम या उपायांना पुरेसा आधार नाही, असं स्पष्ट सांगितलं आहे. डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेचा, मुख्य अडसर ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असतो.

शब्दवेडा:
भावाला फायदा झाला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निवेदनं काढणाऱ्यांनी त्याला पाहिलेलं नाही.

रानवाटा:
त्याला बरं वाटलं असेल, ते मी नाकारत नाही. पण इथे हातात तीन आठवडे आहेत, ते कागदाचा रंग शोधण्यात घालवू नयेत.

चौकस:
46 म्हणजे चाळिशी लागलेली असणार. चष्मा आहे का? हे सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं. ऐकू नीट येतं ना?

फळा_खडू:
मी अकरा वर्षं प्रौढांना शिकवते आहे. "वाचता येत नाही" यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. घरून धडा करून येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बहुधा कुणाकडून तरी ऐकून पाठ करत असावेत. उद्या पुस्तकाबाहेरचे वीस शब्द द्या, दोन-तीन निरर्थकही घाला, "मटीक"सारखे. सगळ्यांसमोर नको, वर्ग सुटल्यावर. सुधारू नका, फक्त ऐका आणि जे चुकतं ते जसंच्या तसं उतरवून इथे टाका.

जुना_सभासद:
मूळ दोष आपल्या लिपीचा आहे. ऱ्हस्व-दीर्घ काढून टाका, एकच वेलांटी, एकच उकार ठेवा. निम्मे लोक आपोआप साक्षर होतील.

शब्दवेडा:
मग "दिन" आणि "दीन" कसे ओळखणार?

जुना_सभासद:
संदर्भाने. बोलताना तरी कुठे कळतं?

चौकस:
अवांतर आहे हो, वेगळा धागा काढा.

सांजवर्ग:
केलं. चष्मा नव्हता. एका बाईंचा लावून दिला तर "ठळक दिसतंय" म्हणाले, पण चुका तशाच राहिल्या. "निळा" आधी "इनळा" वाचलं, मग गप्प. "किती" = "इकती". "सर्व" = "सवर". "खण" = "रवण". "मटीक"ला अंदाजाने "माती". काना-मात्रेचे साधे शब्द सावकाश पण बरोबर. ऐकून सगळी पाठ्यपुस्तकं पाठ आहेत हो त्यांची! मला चार महिने कळलं नाही याचं फार वाईट वाटतंय.

फळा_खडू:
आता हाताला काहीतरी लागलं. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि नंतर उच्चारतो. रफार उलटा: डोक्यावर बसतो "व"च्या, उच्चारायचा "व"च्या आधी. ते गृहस्थ डावीकडून जसं दिसतं तसंच इमानदारीने वाचताहेत. बाकीचे तेरा जण हा नियम न सांगता उचलतात, यांना तो सुटा करून शिकवावा लागेल. बाराखडी चौथ्यांदा घेऊ नका. कि, नि, मि, पि प्रत्येकी एका कार्डावर, वेलांटी आणि अक्षर एकाच रंगात, म्हणजे ते एकच अक्षर वाटेल. बोटाने गिरवायचं आणि त्याच वेळी मोठ्याने म्हणायचं. डिस्लेक्सियावर काम करणारे अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात बसवलेली पद्धत याच धर्तीची आहे. रोज दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा तासभर नव्हे. आणि चष्म्याचा नंबर काढायला पाठवाच.

चौकस:
निदान मात्र आपण कुणी करायचं नाही, ते प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचं काम. शिकवणं त्यासाठी थांबत नाही. शिवाय शब्दांचाही घोळ असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी 1963 मध्ये "लर्निंग डिसॅबिलिटी" (अध्ययन अक्षमता) ही संज्ञा रूढ केली ती बुद्धी ठीक असून शिकण्यात अडथळा येणाऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ बौद्धिक अक्षमता. इंग्रजीतली माहितीपत्रकं वाचाल तेव्हा कोणत्या देशातली आहेत ते बघा.

उशिरा_शिकलो:
मला स्वतःला डिस्लेक्सिया आहे, 38व्या वर्षी कळलं. तुमच्या विद्यार्थ्याने चार महिने पाठ करून दिवस काढले, ते फसवण्यासाठी नव्हे. मीही तेच करायचो. वर्गात आपली पाळी येण्याआधी आपली ओळ मोजून ठेवायची, पोटात गोळा येतो. त्यांना सगळ्यांसमोर वाचायला लावणं उद्यापासून बंद करा, एवढं कराच. आणि एक विचारू? इथे इतके प्रतिसाद झाले. त्यांना काय वाचायचंय हे त्यांना विचारलंत का?

सांजवर्ग:
नव्हतं विचारलं. आज विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, कामावर मुकादम व्हा म्हणून दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा नाही म्हणालो, कारण मुकादमाला रोजचं रजिस्टर भरावं लागतं. परीक्षेचं त्यांना काही पडलेलं नाही, ती मलाच हवी होती.

रानवाटा:
मग रजिस्टरच धडा करा. प्रौढांना त्यांच्या रोजच्या वापरातल्या शब्दांपासून शिकवायचं, हेच शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी ब्राझीलमध्ये करत होते.

फळा_खडू:
शब्द रजिस्टरमधलेच घ्या, पण क्रम अक्षरांच्या अडचणीचा ठेवा. नाहीतर तेही पाठ करतील. तुम्ही परीक्षा घेणाऱ्यांना आजच लेखी कळवा: जादा वेळ, सूचना वाचून दाखवणं. ऐनवेळी मागून मिळत नाही. बसायचं की पुढच्या वेळी, ते त्यांना ठरवू दे.

सांजवर्ग:
अर्ज दिला. रजिस्टरची दोन पानं बघितली, पंचवीसेक शब्दच पुन्हा पुन्हा येतात. "निळा", "किती" आज बरोबर वाचले. "दुरुस्ती" सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तिथेच अडतात. "दु" येतो, पुढे थांबतात. काही सुचतंय?

फळा_खडू:
उकार सगळीकडे अक्षराच्या पायाशी असतो, "रु"मध्ये तो कमरेला चिकटतो. ते खाली शोधत असणार. "रु" आणि "रू" ही दोन वेगळी अक्षरं म्हणून वेगळ्या कार्डांवर द्या. "स्ती" सध्या तुम्ही वाचा, "दुरु" त्यांना वाचू द्या.