वरच्या दाढेचं आरसीटी (रूट कॅनाल) म्हटलं की मान जाते, तुम्ही कसं सांभाळता?

मनीषनगरवाली:
नमस्कार, नागपुरात मनीष नगरला माझं छोटं दातांचं क्लिनिक आहे, आठ वर्षं झाली. दिवाळीपासून असिस्टंट नाही, तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळीपण मीच धरते. दोन-तीन महिने झाले मानेची उजवी बाजू आणि खांदा इतका दुखून राहिला की घरी गेल्यावर पोळ्या लाटवत नाहीत, आणि आता तर स्केलिंग (दातांची सफाई) करताना अंगठा अन् बाजूची दोन बोटं सुन्न पडतात. लूप (भिंगाचा चष्मा) घेऊ का? की स्टूल बदलू? कोणाला खरंच फरक पडला असेल तर सांगा प्लीज.

जुना_डेंटिस्ट:
मॅडम, लूप नंतर. वरच्या दाढेला पेशंटला पूर्ण आडवं करता का? आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात बसूनच करा डॉक्टर, चक्कर येते, आणि आपण ऐकतो, मग अर्धवट टेकलेल्या माणसाच्या तोंडात वाकून वाकून पाहतो. मी 15 वर्षं तेच केलं आणि खूप भोगलं. पेशंट सपाट, हनुवटी वर, तुम्ही बाराच्या पोझिशनला डोक्यामागे, अन् आरशातून पाहा. पहिले पंधरा दिवस हात उलटा जातो, मग बसतो. डोकंच जवळपास 5 किलोचं असते, मान 20 अंशांच्या आत ठेवली तर जमते. लूप घ्यालच तर तुमच्या बसण्याच्या पोझिशनमध्ये माप देऊन घ्या, अँगल चुकला तर मान आणखी वाकते.

फिजिओ_धरमपेठ:
बोटं सुन्न पडणं अंगावर काढू नका. मनगटात नस दाबल्या जाते किंवा मानेतून येते, दोन्हीत हीच बोटं धरतात. रात्री हात झटकत उठत असाल तर मनगटाचा संशय जास्त, मान वळवल्यावर हातात करंट जात असेल तर मानेचा. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ऑर्थो म्हणजे हाडांच्या ओपीडीत दाखवा, लागलं तर नसांची टेस्ट करतील. हातातून वस्तू सुटायला लागली तर थांबूच नका. पेनकिलर खाऊन ओपीडी रेटणं बंद करा.

बीडीएस_महाल:
स्केलरला धार लावता का? बोथट असला की आपण चिमटीत आवळून धरतो, सगळा जोर अंगठ्यावर. जाड मुठीचे हलके घेतले तेव्हा मला आराम पडला. आणि असिस्टंट ठेवाच ताई, अर्धा दिवस का होईना.

मनीषनगरवाली:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आज एका काकूंना मानेखाली टॉवेलची गुंडाळी देऊन पूर्ण आडवं केलं, पाच मिनिटांत त्यांना डुलकी लागली, अन् मी सहा नंबरची दाढ आरशातून केली, हळू झालं पण खांदा वर चढला नाही. रात्री हात झटकत उठते हे मी लिहिलंच नव्हतं, ते रोजचं आहे. सोमवारी मेडिकलला जाते.